प्रत्यक्ष खरेदीदार

गाडी ट्रेसा चालवत होती आणि सासू तिच्या उजव्या हाताला बसली होती, म्हणजे नेमकी बंद कानाच्या बाजूला. एल्मा कांगासला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण तिच्या लेखी सुनेचा कान गेलेला नव्हताच. सुनेला हवं ते ऐकू येतं आणि नको ते येत नाही, एवढंच.

"आजी म्हणाली वायपर लाव," मागच्या सीटवरून मेबल म्हणाली.

ट्रेसानं वायपर लावले. काचेवर बर्फ नव्हतं, पुढच्या ट्रकनं उडवलेला राखाडी चिखल होता.

"आजी म्हणाली ट्रकच्या एवढं मागं लागू नको."

"बरं, पिल्लू."

मेबल साडेचार वर्षांची. ती नीट बोलायला लागली त्याच सुमाराला आईचा कान गेला, त्यामुळे गाडीत आजीचे निरोप आईला पोचवायचे असतात हे तिला शिंकताना तोंडावर हात धरावा इतकं सहज ठाऊक होतं. सगळ्यांच्याच घरी असं असतं अशी तिची समजूत होती.

निरोपानं भागण्यासारखं नव्हतं तेव्हा एल्मा पट्ट्यासकट वळली आणि मोठ्यानं म्हणाली, "काय मागायचं ते लक्षात आहे ना?"

"डावखुरी रायफल."

"डावखुरी रायफल! भाजी आहे का ती, कुठलीही उचलून आणायला? थर्टी-ऑट-सिक्स मापाची. लाकडी दस्ता. गोळी आत सारायच्या बोल्टची मूठ डाव्या बाजूला. प्लॅस्टिकची गळ्यात मारतील, घ्यायची नाही. आणि कुणासाठी म्हणून विचारलं तर?"

"माझ्यासाठी."

"हां. पैशाचं पाकीट तुझ्या पर्समध्ये ठेवलंय. तूच काढून द्यायचं. मी नुसती टर्की घ्यायला आलेय."

शनिवारी पहाटे हरणांचा मोसम उघडणार होता आणि आज गुरुवार होता. रस्त्याकडेच्या प्रत्येक पेट्रोल पंपावर केशरी कोट घातलेले लोक कॉफीचे पेले घेऊन उभे होते, एकमेकांच्या गाड्यांवर रेलून, लग्नघरात आल्यासारखे. ट्रेसाचा नवरा डॅरेल बुधवारीच कॅम्पवर गेला होता, लाकडं फोडायला आणि छपरावरचं बर्फ ओढायला. कॅम्प म्हणजे जंगलातली एक खोली, एक चूल आणि कांगास मंडळींच्या तीन पिढ्या. तिथं फोन लागत नाही. रोज संध्याकाळी सहा वाजता डॅरेल मागच्या टेकडीवर चढतो, तिथं लागतो, आणि आईला फोन करतो. बायकोला नंतर. उद्या ट्रेसानं जेवणाच्या डब्यांबरोबर रायफल घेऊन तिथं जायचं ठरलं होतं. ठरवलं कुणी, तर एल्मानं.

कॅम्पच्या भिंतीवर चार खुंट्या आहेत. एक डॅरेलच्या वडिलांची, ते गेले तरी त्यांची रायफल तिथंच. एक मोठा भाऊ कर्ट याची, एक काकांची. चौथी दोन मोसम रिकामी.

"दोन वर्षं माझा मुलगा त्या कॅम्पवर भांडी घासतोय," एल्मा वळलेलीच होती. "ते हरणं घेऊन येतात आणि हा पॅनकेक करून वाढतो. कर्टच्या मुलानं त्याला एप्रन दिला गेल्या वर्षी. एप्रन! सगळे हसले. हापण हसला."

"धनुष्यबाणाला परवानगी आहे ना त्याला," ट्रेसा म्हणाली. हे ती तिसऱ्यांदा म्हणत होती.

"तू जाशील का लग्नाला स्विमिंगच्या कपड्यांत?"

ट्रेसानं नजर रस्त्यावर ठेवली.

दोन वर्षांपूर्वी मार्चमधल्या एका रविवारी, हीटर किती अंशावर ठेवायचा यावरून बोलाचाली झाली आणि डॅरेलचा डावा हात उठला. तो लिहितो डाव्या हातानं, जेवतो डाव्या हातानं, म्हणून बसली ती उजव्या कानावर. कानात आधी मोठी घंटा वाजली, मग ती घंटा दूर दूर जात एकदाची थांबली आणि तिच्याबरोबर बाकीचे आवाजही गेले. ट्रेसानं पोलिसांना फोन फिरवला. त्या वेळी तिला इतकंच हवं होतं की कुणीतरी यावं. डॅरेलनं कोर्टात गुन्हा कबूल केला, वकील म्हणाला होता तसा दंड भरला, रागावर ताबा ठेवायच्या वर्गात घडीच्या खुर्चीवर बारा आठवडे बसून आला. आणि मग त्याला कळलं की बायकोवर हात टाकल्याची शिक्षा झालेल्या माणसाला जन्मात पुन्हा बंदूक हाताळता येत नाही. त्या एका फोनमध्ये रायफलीसुद्धा जातात हे ट्रेसाला कुणी सांगितलं नव्हतं. आधी माहीत असतं तर फोन केला असता का, याचं उत्तर तिनं स्वतःलाही कधी दिलं नव्हतं.

लग्न झालं तेव्हा एल्मा म्हणाली होती, मला मॉम म्हण. कोर्टाच्या दिवशी, पायऱ्या उतरताना, म्हणाली, "एल्मा म्हटलंस तरी चालेल."

त्यानंतर डॅरेलनं कधी हात उचलला नव्हता. एल्मा हे येता-जाता सांगायची आणि ते खरंच होतं. तो फक्त उठून उभा राहायचा. टेबलावरून उठायचा, खुर्ची मागे सारायचा आणि उभा राहायचा. ट्रेसाचं बोलणं तिथं संपायचं.

"तुमच्या नावावर का नाही घेत?" तिनं गेल्या आठवड्यात विचारलं होतं.

"मी घालवल्या का त्याच्या रायफली?" एल्मा म्हणाली होती. "जिनं घालवल्या तिनं आणायची."

"मग कर्ट?"

"कर्ट तुरुंगात पहारेकरी आहे. पकडला गेला तर नोकरी जाईल त्याची. डोकं आहे का तुला?"

पकडली गेली तर ट्रेसाचं काय जाईल, हे त्या स्वयंपाकघरात कुणी विचारलं नाही. एल्मा बटाटे सोलत होती. सोलता सोलता म्हणाली, "तुझा एक कान गेला. दुसरा आहे ना? त्याला दुसरं काय आहे?"

*

दुकान हायवेला लागून होतं, विमान ठेवावं एवढं. आत शिरल्याबरोबर पावाचा वास, मग डायपर, मग टायर, आणि पार मागच्या भिंतीला, मासे पकडायच्या गळांच्या आणि गाडीच्या बॅटऱ्यांच्या मधोमध, रायफलींचं काचेचं कपाट. मोसमाआधीच्या गुरुवारी तिथं रांग असणारच. लोक हरणांना भुलवायला शिंपडतात त्या हरणाच्या मुताच्या बाटल्या हुंगून बघत होते आणि एकमेकांना हुंगायला देत होते.

एल्मानं ट्रॉलीत टर्की टाकली, क्रॅनबेरीचे डबे टाकले. ट्रेसानं मेबलसाठी लाल हातमोजे घेतले, जुन्यांतला एक शाळेच्या बर्फात हरवला होता. मेबलनं ते लेबलासकट लगेच चढवले आणि ट्रॉलीत बसून दोन्ही हात तोंडापुढे धरून स्वतःशीच बोलायला लागली. उजवा हातमोजा बहुतेक आजी होता.

रांग पुढे सरकली. काउंटरमागे दोघं होती. एक जाड भिंगांची बाई आणि दुसरा ऑरिन हौताला. हा ऑरिन एकतीस वर्षं शाळेची बस चालवायचा. गावातल्या निम्म्या लोकांना त्यानं शेंबडं पाहिलं होतं. ट्रेसानं मनात धरलं होतं की त्या बाईकडे नंबर लागावा. लागला ऑरिनकडे.

"लिंडग्रेनची ट्रेसा!" तो म्हणाला. "तिसरी सीट, खिडकी. डब्यातलं अंडं कायम माझ्या बसमध्ये सोलायचीस. पाच मैल वास."

"आता कांगास," एल्मा मागून म्हणाली.

"ठाऊक आहे, एल्मा. पत्रिका आली होती मला." तो ट्रेसाकडे वळला. "बोल पोरी."

ट्रेसानं पाठ केलेलं म्हटलं. थर्टी-ऑट-सिक्स, लाकडी दस्ता, बोल्ट डावीकडे. म्हणताना आवाज शाळेत कविता म्हणतात तसा आला.

ऑरिननं ताबडतोब काही केलं नाही. चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत घातला. मग कमरेच्या किल्लीनं कपाट उघडून रायफल काढली, ती रिकामी आहे हे बोट घालून पाहिलं, तिलाही दाखवलं आणि काउंटरवरच्या हिरव्या कापडावर ठेवली. "उचलून बघ. खांद्याला लाव. छपराकडे धर, लोकांकडे नको."

रायफल वाटली होती त्यापेक्षा जड होती. मेबल जन्मल्या जन्मल्या होती तेवढी, आठ पौंड. ट्रेसानं ती उजव्या खांद्याला लावली. उजवा हात बोल्टकडे गेला. तिथं काहीच नव्हतं. मूठ पलीकडच्या अंगाला होती. ती गाठायला तिला हात रायफलीवरून ओलांडून न्यावा लागला आणि कोपर डोळ्यांपुढे आलं.

"बसमध्ये चढताना पोरं दांडा धरतात ना," ऑरिन म्हणाला, कुणाशी बोलतोय ते कळू न देता, "त्यावरून मला कळायचं कोण डावखुरं. तीस-एक पोरांत तीन-चार असायची. तुझ्या वेळेला एक ती बेकरची धाकटी, आणि एक डॅरेल कांगास."

"ऑरिन, रांग आहे मागं," एल्मा म्हणाली.

"आहे खरी." त्यानं उजव्या बोल्टची दुसरी एक रायफल काढून शेजारी ठेवली. "उजव्या हाताला ही बरी. भाव तोच."

"तिला डावी हवीय. तिनं सांगितलंय."

"तिला विचारतोय मी, एल्मा. तू टर्की घ्यायला आली आहेस ना?"

ट्रेसा दोन्ही रायफलींकडे बघत राहिली. "डावी," ती म्हणाली.

ऑरिननं दुसरी परत कपाटात लावली. मग फॉर्म काढला, पेन ठेवलं, तिचं लायसन्स मागितलं. "सावकाश भर. इथला हा प्रश्न मला मोठ्यानं वाचावा लागतो, दुकानाचा नियम आहे. कुठल्या कानानं ऐकतेस?"

तिनं न बोलता डावा कान पुढे केला.

"या फॉर्मवरच्या बंदुकीचे प्रत्यक्ष खरेदीदार तुम्हीच आहात का? तुम्ही ती दुसऱ्या कोणासाठी घेत असाल, तर तुम्ही प्रत्यक्ष खरेदीदार नाही. तसं असताना हो लिहिलंत तर तो गुन्हा आहे." त्यानं कागद तिच्याकडे सरकवला. "झालं. माझं वाचून झालं."

ट्रेसानं भराभर लिहिलं. नाव, पत्ता, उंची, वजन, जन्मगाव. प्रत्यक्ष खरेदीदाराच्या चौकटीत तिनं 'हो' लिहिलं, आणि लिहिताना तिला काही झालं नाही, याचंच तिला नवल वाटलं. इंजेक्शनची सुई टोचायच्या आधी माणूस अंग आवळतो आणि नर्स म्हणते, झालं की, तसं. खाली वेड लागलं होतं का, देश सोडून पळालात का, असले प्रश्न होते. तिनं नाही, नाही, नाही करत पान संपवलं. एक प्रश्न असाही होता की घरच्या माणसाला मारहाण केल्याबद्दल तुम्हाला शिक्षा झाली आहे का. तिथंही तिनं 'नाही' लिहिलं. ते मात्र अगदी खरं होतं.

ऑरिननं फॉर्म उचलला आणि बोट टेकवत वरून खाली आला. पत्त्याच्या ओळीवर थांबला.

"पोरी, काउंटीच्या रकान्यात काय लिहिलंस?"

ट्रेसा वाकली. तिनं लिहिलं होतं, यूएसए.

"काउंटी विचारली, तू कंट्री सांगितलीस. जिल्ह्याच्या जागी देश." तो हसला नाही. "एका अक्षराचा फरक. सगळे इथंच आपटतात. सकाळपासून नऊजण. गेल्या साली आपल्या पाद्रीबाबांनीपण तेच केलं."

"मग खोड आणि वर जिल्हा लिही," एल्मानं ट्रॉलीवरून हात लांबवला.

"खाडाखोड चालत नाही." ऑरिननं फॉर्मची घडी घातली, घडीची घडी घातली आणि काउंटरखाली टाकली. "नवा भरावा लागेल. पहिल्यापासून."

त्यानं कोरा फॉर्म समोर ठेवला. त्याच वेळी शेजारी, जाड भिंगांच्या बाईसमोर, केशरी टोपीवाला एक माणूस म्हणत होता, "च्यायला, देशच लिहिला की मी!" ती बाई म्हणाली, "खोडा, बाजूला सही ठोका, चालतंय." त्यानं खोडलं, सही ठोकली.

एल्माच्या नजरेतून हे कसं सुटेल? "त्याला चालतं आणि हिला नाही?"

"ते तिचं काउंटर. हे माझं."

"तुझं डोकं फिरलंय का, ऑरिन?"

"बस चालवून चालवून फिरतंच थोडं."

ट्रेसानं त्याच्याकडे पाहिलं. तो तिच्याकडे बघत नव्हता. हिरव्या कापडावर नसलेली धूळ झटकत होता. तिला कळलं. त्याला पहिल्यापासून सगळं कळलेलं होतं, आणि आता तिला कळलंय हेही त्याला कळलं होतं, आणि तरी तो तोंडानं काही बोलणार नव्हता. त्यानं तिला एक कोरा कागद दिला होता, फक्त.

नाव. पत्ता. काउंटीच्या रकान्यात तिनं काउंटी लिहिली, प्रत्येक अक्षर सुटं. मग पेन त्या चौकटीपाशी आलं.

मघाशी 'हो' लिहून झालं होतं. पण ते घाईत होतं, तोंडातून निसटलेल्या शब्दासारखं. आता तेच खोटं पुन्हा लिहायचं म्हणजे शाळेतल्या शिक्षेसारखं, वळणदार अक्षरात. तिच्या डोळ्यांपुढे कॅम्पची खुंटी आली नाही. हॉलमधलं कोटांचं कपाट आलं. मोसम संपल्यावर रायफल तिथंच राहणार होती, कोटांमागे. हेही ठरलेलं होतं. मेबल लपाछपीला नेहमी त्याच कपाटात लपते. दार लोटून घेते आणि आतून ओरडते, मी इथं नाहीये! मग जेवणाचं टेबल आलं. डॅरेल खुर्ची मागे सारून उभा राहतो. नुसता उभा राहतो. त्या उभ्या राहण्याला आतापर्यंत पाठीशी कपाटातली रायफल नव्हती.

उजवीकडून एल्मा काहीतरी बोलत होती. ओठ हलताना दिसत होते. मेबल ट्रॉलीतून म्हणाली, "मम्मा, आजी म्हणाली लिही ना लवकर."

ट्रेसानं लिहिलं. उरलेलं पान भरलं, सही केली, फॉर्म फिरवून ऑरिनकडे सरकवला.

त्याचं बोट वरून खाली आलं. काउंटीवरून गेलं. मग थांबलं आणि थांबूनच राहिलं.

"इथं 'नाही' लिहिलंयस," तो म्हणाला. "हीपण चूक समजू का? तिसरा फॉर्म आहे माझ्याकडे. गठ्ठा आहे."

"दे तिला तिसरा!" एल्मा म्हणाली. "घाबरते ती कागदांना. दे."

"ट्रेसा?"

"चूक नाही," ट्रेसा म्हणाली. आवाज कवितेसारखा आला नाही. "घेणारी मी नाही. ही माझ्यासाठी नाहीये."

मागच्या रांगेत हरणाच्या मुताची बाटली कुणीतरी फळीवर ठेवली, त्याचा टक् असा आवाज झाला.

"मग आज विकता येणार नाही," ऑरिन म्हणाला, आणि रायफल उचलून कपाटात ठेवली, कुलूप लावलं, कुलूप ओढून पाहिलं.

एल्मानं आरडाओरडा केला नाही. ट्रॉली सोडून ती सुनेला वळसा घालून डाव्या बाजूला आली. दोन वर्षांत पहिल्यांदा, मुद्दाम, चांगल्या कानाच्या बाजूला. आणि त्या कानाशी तोंड नेऊन हळूच म्हणाली, "चाळीस वर्षं काढली मी त्याच्या बापापाशी. फोन मलाही येत होता करता." मग पर्समधलं पाकीट स्वतःच्या हातानं काढून घेतलं आणि बाहेरच्या दाराकडे चालू पडली, टर्की न घेता.

इतक्यात किल्ल्यांचा जुडगा वाजवत मॅनेजर आला. विकलेली बंदूक गिऱ्हाइकाच्या हाती काउंटरवर देत नाहीत. मॅनेजर ती दारापर्यंत घेऊन चालतो आणि दाराबाहेर हातात देतो. "कुठली न्यायचीय?" त्यानं विचारलं.

"काही नाही," ऑरिन म्हणाला. "पण चालतो मी दारापर्यंत. पाय आखडलेत."

तो ट्रॉली ढकलत निघाला. टायर, डायपर, पाव. मेबलनं त्याला दोन्ही लाल हातमोजे दाखवले. त्यानं ते गंभीरपणे पाहिले. गल्ल्यावर ट्रेसानं हातमोज्यांचे पैसे दिले आणि टर्की बाजूला काढून ठेवली. दाराशी आल्यावर ती म्हणाली, "तुम्हीच नाही म्हणू शकला असता, मिस्टर हौताला. विकत नाही म्हणायचा हक्क आहे तुम्हाला. तुम्हाला ठाऊक होतं."

"होतं."

"मग माझ्यावर का टाकलंत?"

ऑरिन बाहेरच्या गाड्यांकडे बघत राहिला. "बसमध्येही बरंच ठाऊक असायचं मला," तो म्हणाला. "कुठलं पोर घरी जायला उतरताना पाय ओढतं, ते. मी फक्त दार उघडायचो."

दार आपोआप उघडणारं होतं. ते उघडलं.

*

एल्मा गाडीशी उभी होती, कोटाची कॉलर कानांवर घेऊन. ट्रेसानं मेबलला मागं बसवलं, पट्टा लावला, तिच्या नाकाखालचं पुसलं. एल्मा पुढे उजवीकडे बसली. गाडी निघाली.

येताना तोंडाला उसंत नसलेली एल्मा जाताना गप्प होती आणि ते फार वाईट होतं. वायपरबद्दल काही नाही, ट्रकबद्दल काही नाही. मेबलला पोचवायला निरोपच नव्हते, म्हणून तिनं हातमोज्यांना बोलायला लावलं. डावा म्हणाला भूक लागली. उजवा म्हणाला गप बस. डॅशबोर्डावरच्या घड्याळात तीन वीस झाले होते.

ट्रेसा हिशेब करत होती. ती कुठंही पोचली तरी सहा वाजता डॅरेल टेकडीवर चढणार होता. आईला विचारणार होता, आणली का? तिथून घरापर्यंत गाडीनं पाऊण तास. बहीण डीना डुलुथला राहते, दोन तासांवर. एका खोलीत, मांजराबरोबर. दोन वर्षांपूर्वी म्हणाली होती, सोफा आहे. त्यानंतर हे पुन्हा कुणी काढलं नव्हतं. आता ते बोलणं कायम असेल का, सोफा असेल का, काही ठाऊक नव्हतं.

एल्माचं घर आधी लागतं. ट्रेसानं पत्रपेटीपाशी गाडी उभी केली. एल्मा उतरली नाही. मांडीवरच्या पर्सचं बक्कल उघड-बंद करत राहिली. एकदा ती डॅशबोर्डाकडे बघत काहीतरी बोलली. चेहरा वळवला नाही, आवाज चढवला नाही. ट्रेसाला फक्त गाल हलताना दिसला. काय म्हणालात, असं विचारायला ट्रेसानं तोंड उघडलं आणि मिटलं. आज पुरेसं ऐकलं होतं.

एल्मा उतरली. दार आपटलं नाही, नीट लावलं. गुडघे सांभाळत पायऱ्या चढली आणि मागे न बघता आत गेली. स्वयंपाकघरातला दिवा लागला. फोन तिथंच भिंतीवर आहे.

"मम्मा," मेबल म्हणाली, "आजीचा निरोप राहिला."

ट्रेसानं आरशातून पाहिलं. "काय म्हणाली?"

मेबलनं आठवून आठवून सांगितलं, आजीच्या आवाजात. "म्हणाली, सहाला त्याचा फोन येईल आणि मी त्याला खोटं सांगणार नाही. आणि म्हणाली काटा खाली आहे." मग स्वतःच्या आवाजात, "कुठला काटा, मम्मा?"

पेट्रोलचा काटा लाल रेषेला टेकला होता.

धमकी होती की काय होतं ते, ट्रेसाला ठरवता येईना. एल्माच्या तोंडून दोन्ही एकाच आवाजात येतं. गाडी तशीच चालू होती. डावीकडे वळलं की चार मैलांवर घर, तिथं मेबलचे कपडे, औषधाची बाटली, जन्माचा दाखला. घरी जायचं, भरायचं, निघायचं, तर चार वाजून जातील. पंप उजवीकडे, हायवेवर, आणि डुलुथही त्याच वाटेला.

"आता घरी ना?" मेबल म्हणाली. "बन्नी उशीखाली आहे. मी नसले की त्याला झोप लागत नाही."

"हो, पिल्लू," ट्रेसा म्हणाली. "आता घरी."

आणि तिनं गाडी उजवीकडे घेतली. दिवसभरातलं हे तिचं दुसरं खोटं. पहिल्याला नवा फॉर्म मिळाला होता.